शेवटचे कडवे गाळू नका!

पुण्यात शिकायला असलेला माझा भाचा गिटार वाजवतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, तुमच्या आवडीची दहा-बारा इंडी गाणी निवडून द्या. आम्हा दोस्तांमध्ये प्रत्येकानं आपापली मिक्सटेप करायची ठरलीय. मी सांगून टाकलं, माझी राहू द्या, मी माझ्या मामाची आणतो."

मी विचारले, "इंडी म्हणजे काय रे बाबा?"

"इंडिपेंडंट, मामा. कंपनीच्या दारात न जाता केलेलं संगीत. आपणच लिहायचं, आपणच चाल लावायची, आपणच लोकांपर्यंत न्यायचं."

मला हसू आले. ज्याला आज शहरातली पोरे एवढे गोंडस नाव देतात, ते काम आमच्या बापजाद्यांनी हौस म्हणून केले नव्हते. कंपनीच्या दारात न जाणे वेगळे आणि कंपनीने दारात उभेच न करणे वेगळे! आमचे शाहीर, आमचे गायक, आमचे जलसेवाले हे या अर्थाने शंभर टक्के इंडी होते. फक्त त्यांना ते कोणी सांगितले नव्हते.

मी देवळाली कॅम्पातला वाजवणारा माणूस. आधी बेंजो, नंतर कॅसिओ. आपल्याकडे ज्याला बेंजो म्हणतात ते खरे तर बुलबुलतरंगाच्या कुळातले, टाइपरायटरसारखी बटणे असलेले वाद्य. पण मिरवणुकीत ते बेंजोच. लग्नाच्या हळदीपासून १४ एप्रिलच्या मिरवणुकीपर्यंत पंचवीस वर्षे या बोटांनी वाजवले आहे. म्हणून भाच्याचे काम मला सोपे वाटले. वहीत तीन रकाने आखले : गाणे, गायक आणि कवी. पहिले दोन रकाने तासाभरात भरले. तिसरा भरायला तीन आठवडे लागले आणि त्यातली एक जागा अजून कोरीच आहे. आजचे हे लिहिणे त्या कोऱ्या जागेविषयी आहे.

आधी यादी सांगतो. आमच्या काळच्या कॅसेटला दोन बाजू असत, म्हणून यादीलाही दोन बाजू ठेवल्या आहेत.

पहिल्या बाजूवर पहिला मान जलशाचा. हा मान नाशिक जिल्ह्याचा आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या धगधगत्या वर्षांत भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती गावोगाव जलसे करीत बाबासाहेबांचा विचार सांगत होते. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसाला सत्याग्रह म्हणजे काय, शिक्षण कशासाठी, मेलेली ढोरे ओढायची का नाहीत, हे जलशाने समजावले. पुढे कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिले. ते १९७८ साली प्रसिद्ध झाले. म्हणून आज आपण त्या जलशांविषयी दोन वाक्ये बोलू शकतो. कर्डकांनी स्वतः लिहून ठेवले नसते तर? माझ्याकडे त्या जलशांची फीत नाही. एका जाणत्या म्हाताऱ्याकडून तोंडी आलेला एक तुकडा मी स्वतः पेटीवर वाजवून भाच्यासाठी भरून घेतला.

दुसरे आणि तिसरे गाणे वामनदादांचे. वामनदादा कर्डक आमच्याच जिल्ह्यातले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. बालपणी शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही, वाढत्या वयात मुंबईत अक्षरओळख झाली. आणि हा माणूस हजारो गाणी लिहून गेला! त्यांची दोन गाणी मी निवडली. एकात ते बिर्ला, बाटा, टाटा अशी नावे घेऊन धनाच्या साठ्यातला आमचा वाटा कुठे आहे, असा रोकडा जाब विचारतात. दुसऱ्यात ते आपल्यालाच जाब विचारतात : बाबासाहेबांच्या मताची मोजकी पाच माणसे जरी खरी निघाली असती तरी चित्र निराळे दिसले असते. पहिल्या गाण्याला टाळी पडते. दुसऱ्या गाण्याला मान खाली जाते. चळवळीला दोन्ही लागतात.

चौथी अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड. ही छक्कड सगळ्यांना माहीत आहे, असे आपण समजतो. खरे म्हणजे तिचा पहिला भाग सगळ्यांना माहीत आहे : गावाकडे राहिलेली बायको, मुंबईत आलेला कामकरी, ताटातूट. पण शेवटाकडे जाताना अण्णा भाऊ एकदम वळण घेतात. नवरा-बायकोची ताटातूट ही खंडित महाराष्ट्राची ताटातूट होते. बेळगाव, कारवार त्यात येतात आणि विरहाचे गाणे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे होते. पहिला भाग गाऊन थांबलात तर हाती उरते ते एक गोड विरहगीत. अण्णा भाऊ शेवटी उभे आहेत!

पाचवे प्रल्हाद शिंदे यांचे, कव्वालीच्या ढंगाचे एक भीमगीत. त्या आवाजाविषयी मी काय लिहावे? माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा तो गळा. २००४ साली मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये प्रल्हाददादा. एक लिहिणारा, एक गाणारा. सहा आठवड्यांच्या आत दोन्ही दारे बंद झाली.

सहावे विठ्ठल उमपांचे. 'जांभूळ आख्यान' उभे करणारा हा शाहीर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रम चालू असताना मंचावरच गेला. त्यांची तान ऐकताना मला नेहमी वाटते की शाळेत संगीत शिकलेल्याला स्वर सापडतो आणि आयुष्यात संगीत शिकलेल्याला आवाज सापडतो.

इथे पहिली बाजू संपते. कॅसेट पलटू या.

दुसऱ्या बाजूची सुरुवात जात्यावरच्या ओवीने. हेमा राईरकर आणि गी पॉयटवां यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या, राधाबाई बोऱ्हाडे यांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. कोणती कंपनी? कोणता स्टुडिओ? दळता दळता सुचलेले आणि एकीकडून दुसरीकडे गेलेले हे काव्य. त्या ओव्यांबरोबर गाणारीचे नाव, गाव आणि वस्ती लिहून घेतली गेली. ही गोष्ट लहान वाटते, पण ती लहान नाही. त्यावर पुढे बोलतो.

त्यानंतर विलास घोगरे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या आपल्या माणसांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा जण मारले गेले. १५ जुलैला या शाहिराने आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी त्यानंतर चौदा वर्षे खपून 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पूर्ण केला. घोगरेंचा आवाज आज नव्या पोरांना ठाऊक आहे, तो बराचसा त्या माहितीपटामुळे.

त्यापुढे संभाजी भगत. 'कोर्ट' हा २०१४ सालचा चित्रपट आठवा. त्यात शाहीर नारायण कांबळेंच्या भूमिकेत नागपूरचे कार्यकर्ते, संपादक वीरा साथीदार दिसतात. वीराभाऊ २०२१ साली करोनाने आपल्यातून गेले. चित्रपट पाहून आलेली किती तरी माणसे मला म्हणाली, "काय गायलाय तो माणूस!" चेहरा वीराभाऊंचा होता, संगीत संभाजी भगत यांचे होते. पडद्यावर शेवटी नावे येतात. आपण तोवर खुर्चीतून उठलेलो असतो.

मग कडूबाई खरात. हातात एकतारी, डोक्यावर पदर आणि मोबाईलमधून घराघरांत पोचलेला आवाज. त्यांचे भाकरीचे आणि सहीचे ते गाणे ज्याने ऐकले नाही असा आपला माणूस विरळा. पण गंमत पाहा! माझ्याकडे फिरत फिरत आलेल्या त्या चित्रफितीवर गाणे लिहिणाऱ्याचे नाव नव्हते. गाणे सहीचे आणि लिहिणाऱ्याची सही कुठेच नाही.

अकरावे गाणे मराठी नाही, तमिळ आहे. चेन्नईत पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा वाद्यवृंद उभा राहिला. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. नाव घेतले ते पंडित अयोथी दास यांच्या 'जात नसलेले तमिळ' या कल्पनेवरून. बाबासाहेबांच्या दीक्षेच्या अर्धशतकाहून अधिक आधी, १८९८च्या सुमारास बौद्ध धम्माकडे वळलेला हा द्रष्टा माणूस. भाच्याला इंडी पाहिजे ना? हे घे इंडी!

आणि बारावे गाणे? ते माझ्या वडिलांच्या कॅसेटवरचे. तिथेच माझा रकाना अडला.

आबा कॅम्पात लष्करी भांडारावर हमाली करीत. पै पै साठवून त्यांनी एक टेपरेकॉर्डर घेतला होता. कोरी कॅसेट परवडत नसे, म्हणून सिनेगीतांची जुनी कॅसेट घ्यायची, तिच्या पाठीवरच्या तुटलेल्या खाचेत कागदाचा बोळा कोंबायचा आणि तिच्यावर दुसरे भरायचे. अशाच एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर त्यांनी वस्तीतला १४ एप्रिलच्या रात्रीचा कार्यक्रम भरला. बाहेरगावची गायनपार्टी आली होती. शेवटचे गाणे एका आईचे. दुसऱ्याच्या घरची धुणी धुऊन आलेली आई मुलाला शाळेच्या दारात सोडते आणि परत जाताना मागे वळून पाहत नाही. कारण तिने वळून पाहिले तर मूल तिच्यामागे येईल. अशी तीन कडवी. चौथे कडवे सुरू होते, दोन शब्द ऐकू येतात आणि खट्! फीत संपते. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला तीसच मिनिटे. आबांनी धावत जाऊन बाजू पलटली असणार. कारण दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला फक्त टाळ्या आहेत.

कडव्याचे दोन शब्द आणि टाळ्या यांच्यामध्ये जे पडले, त्यात कवीचे नाव होते. हे मी खात्रीने सांगतो, कारण आपल्या गाण्यांची रीतच ती आहे. चोखोबांनी शेवटी 'चोखा म्हणे' असे म्हटले. सोयराबाईंनी स्वतःला 'चोखियाची महारी' म्हणवून घेतले. स्वतःचे नावसुद्धा नवऱ्याच्या आणि जातीच्या आडून सांगावे लागले, पण सांगितले! गझल-कव्वालीत शेवटच्या शेरात, मक्त्यात, शायर आपले टोपणनाव गुंफतो. या दोन्ही वाटा आपल्या शाहिरांच्या लेखणीत एकत्र आल्या. वामनदादांच्या कितीतरी गाण्यांत शेवटी 'वामन' येतो. १९७७च्या त्यांच्या संग्रहाचे नावच मुळी 'हे गीत वामनाचे'.

ही केवळ काव्याची रूढी नाही, हे आपण समजून घेतले पाहिजे. ज्याला छापखाना नाही, ज्याच्या तबकडीवर नाव छापणारी कंपनी नाही, ज्याच्याकडे वकील नाही, त्याने आपले नाव सुरक्षित कुठे ठेवायचे? त्याने ते गाण्याच्याच पोटात ठेवले. लोक गाणे पाठ करतील तर नावही पाठ होईल, हा त्याचा हिशेब. शेवटचे कडवे हाच त्याचा सात-बारा. तो आपण गाळला की त्याची जमीन गेली!

आणि हा सात-बारा कोणी फाडला? दुसऱ्याला दोष देण्याआधी माझे सांगतो.

काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलची कॅम्पातली मिरवणूक. आमची पार्टी टेम्पोवर, मागे जनरेटर, पुढे नाचणारी पोरे. वामनदादांचे गाणे चालू होते. आमची पद्धत ठरलेली : ध्रुवपद, पहिले कडवे, पुन्हा ध्रुवपद, मग ठेका वाढवायचा आणि ठेक्यावरच दुसऱ्या गाण्यात शिरायचे. पोरांना थांबायला वेळ नसतो. पांढरा सदरा, निळी टोपी घातलेले एक बाबा टेम्पोच्या कडेने चालत होते. त्यांनी हात वर करून मला खूण केली. मी वाकलो. ते म्हणाले, "का रे पोरा, वामनला कुठं उतरवलं?"

मला कळेना. मला वाटले टेम्पोतल्या कुणा पोराबद्दल विचारतात. मी म्हटले, "बाबा, वामन नावाचं कुणी नाही आमच्यात."

ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

मिरवणूक पुढे सरकली. अर्थ ध्यानात आला तो रात्री, वाद्ये उतरवताना. पंचवीस वर्षांत मी वामनदादांना किती चौकांत उतरवले असेल याची गणती नाही. आणि आज डीजेच्या भिंतीने तर माझा बेंजोच टेम्पोतून उतरवला. माझे ध्रुवपद तरी पुरे होते. डीजेवाल्याला ध्रुवपदाचीही अर्धीच ओळ पुरते.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत काळ्या माणसांना झाडाला टांगून मारले जाई, त्यावर 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणे झाले. बिली हॉलिडे ही थोर कृष्णवर्णीय गायिका ते गात असे. तिच्या मोठ्या कंपनीला, कोलंबियाला, ते झेपले नाही, म्हणून १९३९ साली कमोडोर नावाच्या लहानशा कंपनीने ते काढले. म्हणजे तेही इंडीच! गाणे जगभर गेले. पण ते लिहिणारा एबल मीरोपोल हा न्यूयॉर्कमधला ज्यू शाळामास्तर लोकांना ठाऊक नव्हता. गाणे बिलीनेच रचले, असेच अनेकांना वाटत राहिले. आणि अगदी कालची गोष्ट पाहा. २०२१ साली 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणे कोट्यवधी लोकांनी पाहिले. ते लिहिले आणि गायले अरिवू या आपल्या कवीने, आपल्या आजीच्या भूमिहीन आयुष्यावरून. पण त्याच वर्षी 'रोलिंग स्टोन इंडिया' या मासिकाच्या मुखपृष्ठावर इतर कलाकार झळकले, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीरपणे जाब विचारला तेव्हा देशभर चर्चा झाली. गाणे पाहिजे, ठेका पाहिजे, आजीचे दुःखसुद्धा पाहिजे. नाव मात्र नको!

कोणी म्हणेल, "गाणे समाजाचे आहे. चळवळीत नावाचा हट्ट कशाला? बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेला विरोध केला होता." हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. व्यक्तिपूजेचा धोका बाबासाहेबांनी संविधान सभेतच बजावून सांगितला होता. पण पूजा वेगळी आणि नोंद वेगळी. स्वतः बाबासाहेबांनी काय केले? 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा १९४६चा ग्रंथ त्यांनी महात्मा फुल्यांना अर्पण केला. अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा १९४८चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. ज्यांची नावे पुसली जात होती, त्यांची नावे या महापंडिताने पहिल्या पानावर लिहिली! थेरीगाथेत हेच दिसते. अडीच हजार वर्षांमागच्या भिक्खुणींच्या गाथा ज्या परंपरेने जपल्या, तिने त्या त्या थेरीचे नावही जपले. पाणी भरणारी दासी पुण्णा आजही आपल्याला नावाने ठाऊक आहे.

आणि नाव गाळण्याच्या बाबतीत आपण निर्मळ आहोत असेही नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली प्रस्तावना लिहिली होती. तीत त्यांनी आपले आयुष्य वाढवल्याबद्दल माईसाहेबांचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण मानले होते. १९५७ साली निघालेल्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना नव्हती. पुढे १९८० साली भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली, तेव्हा ती लोकांपुढे आली. खुद्द बाबासाहेबांच्या ग्रंथाचे पान गळू शकते, तर वस्तीतल्या शाहिराच्या कडव्याची काय कथा?

नावाची नोंद कोण ठेवतो, यावर नावाचे भवितव्य ठरते. आमच्या गावाचेच उदाहरण घ्या. इंग्रजांच्या काळात मुदत संपलेले गोरे सैनिक बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत पडून राहत. उकाड्याने, रिकामपणाने, तापाने त्यांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत 'डुलाली' हा शब्द तयार झाला, त्याचा अर्थ वेडा. ज्या गावात माझ्या आबांनी पोती वाहिली, आपल्या माणसांनी कष्ट करून पोरे शिकवली, त्या गावाचे नाव जगाच्या शब्दकोशात आहे ते वेड्यांचे गाव म्हणून! कारण शब्दकोश लिहिणारे ते होते. आपले आपण लिहिले नाही, तर दुसरा जे लिहील ते नाव होते.

तेव्हा करायचे काय? वाजवणारा माणूस म्हणून चार गोष्टी सुचवतो.

पहिली : येत्या १४ एप्रिलला आपल्या मंडळाने एक नियम करावा. दिवसभरात किमान एक गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत गायचे. त्या कडव्याला ठेका उतरवायचा, नाव ऐकू येऊ द्यायचे. नाचणारी पोरे दोन मिनिटे थांबतात. मी करून पाहिले आहे, थांबतात.

दुसरी : गाणे पुढे पाठवताना कवी, गायक, चाल लावणारा यांची नावे लिहा. माहीत नसेल तर 'कवीचे नाव माहीत नाही, कोणास ठाऊक असल्यास कळवा' एवढे तरी लिहा. पाचशे माणसांत सांगणारा एक निघतो.

तिसरी : घरातल्या वह्या आणि कॅसेटी रद्दीत टाकू नका. कॅसेटच्या फितीला बुरशी धरते, फीत चिकटते, आवाज कायमचा जातो. ज्यांच्या घरी चालू टेपरेकॉर्डर आहे त्यांनी वस्तीतल्या कॅसेटी संगणकावर उतरवून घ्याव्यात. म्हाताऱ्या माणसांना बोलते करा. शेवटचे कडवे पुष्कळदा त्यांच्याच तोंडी असते.

चौथी : कायदा समजून घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या हयातीनंतर साठ वर्षे त्याच्या रचनेवर वारसांचा हक्क असतो. वामनदादा २००४ साली गेले. म्हणजे त्यांच्या गाण्यांवरचा हक्क २०६४ सालच्या अखेरपर्यंत शिल्लक आहे. याच कायद्याचे ५७वे कलम लेखकाला आपले लेखकत्व सांगण्याचा आणि रचनेची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला बाधा येत असेल तर तिला हरकत घेण्याचा हक्क देते. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा अधिक बळकट केला. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी कायद्याचे पुस्तक उघडायला लाजू नये. आपल्याच शाहिरांच्या लेकराबाळांचा त्यात घास आहे.

भाच्याला मी मिक्सटेप पाठवली. बारा गाणी, प्रत्येक गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत. बाराव्या गाण्याला मात्र ते करता आले नाही. कवीच्या रकान्यात मी लिहिले : शोध चालू. भाच्याचा रात्री फोन आला. म्हणाला, "मामा, ते आईचं गाणं मध्येच तुटतं. मी गिटारवर त्याचं शेवटचं कडवं करू का? चाल तर कळलीय."

क्षणभर मोह झाला. पोराच्या हाताला सूर आहे, करील तो चांगले. पण मी म्हणालो, "नको. तेवढी जागा कोरी राहू दे. ती दुसऱ्याची आहे."

नाशिक, सिन्नर, इगतपुरी, निफाड, येवल्याकडच्या वाचकांना माझी विनंती आहे. शाळेच्या दारातून परत जाताना मागे वळून न पाहणाऱ्या आईचे हे गाणे तुमच्या वस्तीत कोणाच्या तोंडी असेल, एखाद्या जुन्या वहीत, एखाद्या माळ्यावरच्या कॅसेटमध्ये असेल, तर चौथे कडवे ऐकून ठेवा. त्यात एक नाव असेल. ते नाव मोठ्याने उच्चारा. टाळ्या आमच्याकडे आहेत. आबांनी दुसऱ्या बाजूला भरून ठेवल्या आहेत.

जय भीम!